नदीकडचा डोळा

आमच्या हॉस्पिटलात कोणी नवीन माणूस लागला की महिन्याभरात त्याला सरांची गोष्ट कोणीतरी सांगतंच. ती अशी, की पूर्वी इथे कॅन्सरचे एक मोठे डॉक्टर होते, त्यांना डावं-उजवं कळत नव्हतं, आणि त्यामुळे एका माणसाचा चांगला डोळा जाता जाता वाचला. सांगणारा हसतो, ऐकणारा "काय सांगता!" म्हणतो, आणि दोघं आपापल्या कामाला लागतात. सरांना डावं-उजवं कळत नव्हतं हे खरं आहे. एक डोळा जाता जाता वाचला हेही खरं आहे. पण चूक सरांची होती हे खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे बरेच दिवस फक्त मला ठाऊक होतं.

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते जमिनीवर पालथं पडलेलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांच्या खोलीत शिरले, तर पेशंटच्या खुर्चीखालून दोन लांब पाय बाहेर आलेले. आतून आवाज आला, "पाना दे." माझ्या पायाशी पाना होता, तो मी दिला. थोड्या वेळाने बोल्ट आवळून गृहस्थ बाहेर आले, बुशशर्टाच्या दोन्ही खिशांवरची धूळ झटकली आणि म्हणाले, "हिला हलायची आदत लागली होती. आता नाही हलायची. तू नवी फिजिसिस्ट ना? बस. इथे नको, ही पेशंटची आहे."

मी मेडिकल फिजिसिस्ट. म्हणजे कॅन्सरच्या गाठीवर किरणं कुठून सोडायची, किती सोडायची आणि बाजूचे चांगले अवयव त्यातून कसे वाचवायचे, याचं गणित करणारी. आमच्याकडे लोक या उपचाराला सिकाई म्हणतात. मशीन नवंकोरं आलं होतं, पण ते चालवण्याचा अनुभव असलेली माणसं नव्हती. सर सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन आलेले, आणि मी शिकून नुकतीच बाहेर पडलेली. म्हणून पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलाशी जोडून घेतलं होतं. पेशंटचं स्कॅन आम्ही करायचं, गाठ कुठवर आहे त्या रेघा सरांनी मारायच्या, ते सगळं पुण्याला पाठवायचं. तिथल्या मॅडम ते तपासून किरणांचा नकाशा करायच्या, आणि दर बुधवारी दुपारी दोन्हीकडची मंडळी स्क्रीनवर बसून तो पक्का करायची. त्या दुपारी आमच्या स्क्रीनवर पुण्याहून कोणीतरी बाण हलवत असे. सर त्याला मुंगी म्हणत. "मुंगी आली का?" "मॅडम, मुंगीला जरा वर पाठवा." पुणं लांब आहे म्हणून ते इतकं ओरडून बोलत, की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावून जात.

पहिल्या बुधवारी सर पुण्याला म्हणाले, "नदीकडच्या फुफ्फुसात आहे, खालच्या भागात." पुण्याहून मॅडम अगदी अदबीने म्हणाल्या, "सर, आम्हाला इथून नदी दिसत नाही."

"तर मग या ना एकदा! दाखवतो. महाकालचं दर्शन पण होऊन जाईल."

सरांच्या जगात डावं-उजवं नव्हतंच. दोन बाजू होत्या, नदीकडची आणि स्टेशनकडची. सिकाईच्या खोलीत टेबल असं बसवलेलं होतं की पेशंटचं डोकं दक्षिणेला येई. आमच्या ट्रस्टींनी मशीन बसवतानाच सांगून ठेवलं होतं, की आजारी माणसाला उत्तरेला डोकं करून झोपवायचं नाही. त्यामुळे टेबलावर उताणं झोपलं की क्षिप्रा नदी नेहमी डाव्या हाताला येई आणि स्टेशन उजव्या. सरांच्या खोलीतली ती खुर्चीसुद्धा त्याच हिशेबाने उत्तरेकडे तोंड करून जमिनीत ठोकलेली होती. पेशंट बसलेला असो की झोपलेला, त्याची डावी बाजू नदीकडे. एवढं मला कळायला दोन आठवडे लागले, आणि कळल्यावर मी स्वतःवर फार खूश झाले. पुढच्या बुधवारपासून सर "नदीकडचं" म्हणाले, की मी माइकपाशी वाकून "डावं, मॅडम" म्हणू लागले.

दुसरी तऱ्हा बोटाची. सर पेशंटच्या अंगावर स्वतः कधी बोट ठेवून "इथे आहे" म्हणत नसत. पेशंटलाच म्हणत, "तुझं बोट ठेव." फाइल वाचलेली असो, स्कॅन पाहिलेलं असो, काल विचारलेलं असो. आधी बोट, मग बात. पुण्याच्या मीटिंगलाही पेशंटला कॅमेऱ्यासमोर बसवायचे आणि बोट ठेवायला लावायचे. पुण्याच्या मॅडमना हा प्रकार मुळीच आवडत नसे. एका बुधवारी चार पेशंट होते, आणि घुंगट घेतलेल्या एका बाईंनी बोट ठेवायलाच पाच मिनिटं घेतली. मॅडम म्हणाल्या, "सर, सगळं स्कॅनमध्ये आहे की. पेशंटला कशाला बसवायचं?" सर म्हणाले, "मॅडम, स्कॅन तर काढलेलं आहे. ही आलेली आहे." याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मॅडमनाही लागला नसावा, कारण त्यांनी पुढचं नाव घेतलं.

नाश्त्याला ते आम्हा सगळ्यांना टावर चौकात पोहे खायला नेत आणि पोह्यांवर शेव कमी पडली म्हणून दुकानदाराशी तात्त्विक वाद घालत. घराणं शिंदे सरकारच्या दफ्तरात चाकरीला आलं तेव्हापासूनचं इथलं, त्यामुळे मराठीत निम्मी हिंदी आणि त्याचा अभिमान. माझे वडील बँकेच्या बदलीवर आलेले, आम्ही माधव नगरात राहत होतो आणि आईने घरात हिंदी शब्द शिरू दिला नव्हता. "तुझी मराठी एकदम इस्त्री केलेली आहे," सर म्हणत. "घालून बसता येत नाही."

खरी गोष्ट मला त्यांच्या स्कूटरवर कळली. माझी गाडी पंक्चर झाली होती आणि नानाखेड्याच्या बस स्टँडवर मावशी येऊन थांबली होती. सर म्हणाले, "चल, सोडतो." अर्धा रस्ता झाल्यावर मी मागून म्हटलं, "सर, इथून डावीकडे." त्यांनी भर रस्त्यात स्कूटर थांबवली आणि दोन्ही पाय जमिनीला टेकवले. मागचे हॉर्न वाजवू लागले.

"कोणीकडे?"

"डावीकडे."

"असं नको बोलूस. मंदिराकडे की पेट्रोल पंपाकडे?"

"पेट्रोल पंपाकडे," मी म्हणाले, आणि मग मागे बसल्या बसल्या मला एकदम सगळं दिसलं. खुर्ची, बोट, नदी. "सर, तुम्हाला डावं-उजवं..."

"नाही समजत," ते मान न वळवता म्हणाले. "लहानपणापासून नाही. शाळेत मास्तरांनी एका हातावर छडी मारली आणि म्हणाले, हा उजवा, लक्षात ठेव. दोन दिवस बराबर चाललं. मग हात दुखायचा थांबला, आणि उजवा पण गेला."

"मग तुम्ही डॉक्टर कसे झालात?" मी विचारूनच टाकलं. इतकं उद्धट मी कोणाशी बोलत नाही, पण मी घाबरले होते.

"विचारून विचारून," सर म्हणाले आणि पेट्रोल पंपाकडे वळले.

या माणसाला भ्यावं की याच्या पाया पडावं, हे मला कळेना. ज्याला स्वतःचा डावा हात ओळखता येत नाही तो लोकांच्या डाव्या-उजव्या फुफ्फुसांवर रेघा मारतो, हे कोणाला तरी सांगायला हवं होतं. पण सांगायचं काय? मी गुपचूप जुन्या फायली काढून बसले. एकाही पेशंटची बाजू चुकलेली नव्हती. आम्ही डावं-उजवं चटकन कळणारी माणसं एकदा विचारतो आणि पुढे जातो. सर खुर्चीत विचारत, स्कॅनच्या वेळी विचारत, टेबलावर विचारत, आणि पेशंट कंटाळून म्हणे, "साब, कितनी बार बताऊँ?" मी कोणालाच काही बोलले नाही. उलट हळूहळू मला त्याची मिजास चढली. पुणं माझ्या तोंडाकडे बघायचं. सरांचं डावं-उजवं म्हणजे मी, असं मला वाटू लागलं, आणि दोन वर्षांत ते इतकं अंगवळणी पडलं, की "नदीकडचं" ऐकलं की माझा हात आपोआप "डावं" लिहायचा.

मग भैरूगढचे ते छपाईवाले आले. पन्नाशीचे, हातांना मेणाचे चटके बसलेले, कापडावर मेणाने बारीक नक्षी काढून बाटिक करणारे. नाकाच्या मागच्या पोकळीत गाठ होती, थोडी उजवीकडे सरकलेली, उजव्या डोळ्याच्या नसेला अगदी खेटून. अशा वेळी साधारण विचार असा होतो, की गाठीकडच्या डोळ्याची आशा फारशी धरायची नाही आणि दुसरा डोळा मात्र नक्की वाचवायचा. पण यांचं वेगळं होतं. यांच्या एका डोळ्यात लहानपणापासून नजरच नव्हती. दिसायला दोन्ही डोळे सारखे, काळेभोर, हलणारे. सगळी नक्षी एका डोळ्यावर चाललेली. तो डोळा गेला तर माणूस जगेल, पण त्याच्या हातातली कलम जाईल, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. "साब, जान तो आप बचा ही लोगे," ते म्हणाले, "आँख का देख लेना."

त्या बुधवारी मीटिंग सरांच्या खोलीत नव्हती. वरच्या मजल्यावर नवी मीटिंगची खोली झाली होती, भिंतभर स्क्रीन आणि भिंतीतच बसवलेला कॅमेरा. सर नाराज होते. आल्याआल्या खिडकीशी गेले, बाहेर बघितलं, परत आले, परत गेले. छपाईवाल्यांना कॅमेऱ्यासमोरच्या गुबगुबीत खुर्चीत बसवलं. तेवढ्यात लाइन खराब झाली. पुण्याला आमचा आवाज जात होता, पण आमचं चित्र अडकून बसलं होतं. मी टेबलाखाली मान घालून वायर काढ-घाल करत होते. वरून सरांचा आवाज येत होता. "बोट ठेव. जिससे दिखता है, उस पर. हां, बराबर." आणि मग पुण्याला, ओरडून, "मॅडम, नदीकडचा डोळा वाचवायचा आहे! दुसऱ्यात तर लहानपणापासून नजर नाहीच."

"म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"डावा, मॅडम," मी टेबलाखालून म्हणाले. वर येऊन तेच कागदावर लिहिलं. दिसणारा डोळा डावा, उजव्याला दृष्टी नाही. बोट मी पाहिलंच नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी यायची होती, पण तिच्यासाठी थांबलो असतो तर पुण्याची बुधवारची वेळ गेली असती. आणि मॅडमना माझं उत्तर ऐकून हायसंच वाटलं. गाठ उजवीकडे, दिसणारा डोळा डावीकडे. सोपं काम झालं. चार दिवसांत पुण्याहून नकाशा आला, इतका देखणा की मी तो दोनदा उघडून पाहिला.

सिकाईच्या पहिल्या दिवशी पुणं स्क्रीनवर असायचंच. डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी अजून आलेली नव्हती, आणि ती कोणी परत मागितलीही नव्हती. छपाईवाले टेबलावर झोपले. चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मास्क बांधायचा, त्याआधी सर नेहमीप्रमाणे वाकले. "बोट रखो. जिससे दिखता है." त्यांनी बोट ठेवलं. सर त्या बोटाकडे बघत राहिले. मग भिंतीकडे बघितलं, मग परत बोटाकडे. माझ्यापाशी येऊन म्हणाले, "कोणता डोळा वाचवतो आहोत आपण?"

"नदीकडचा, सर. तुम्ही सांगितलात तोच."

"मग बोट स्टेशनकडे का आहे?"

मला वाटलं, झालं सुरू. बाहेर सहा पेशंट ताटकळलेले, मशीन तापून तयार, पुण्याच्या मॅडम घड्याळाकडे बघत असलेल्या. "सर, नकाशा बरोबर आहे. मी स्वतः तपासलाय."

"आज नाही करायचं," सर म्हणाले.

"का पण?" स्क्रीनवरून मॅडम म्हणाल्या. "काय अडचण आहे, सर? गाठ वाढते आहे. कारण तरी सांगा."

सरांना कारण सांगता येईना. ते नदी म्हणाले, मग स्टेशन म्हणाले, दोन्ही हात समोर धरून त्यांच्याकडे बघू लागले. मॅडम पुण्यात डोळे बारीक करून ते पाहत होत्या. मला सरांची लाज वाटली. हो, लाजच वाटली, आणि लाजेतून संताप आला, आणि मी सगळ्यांच्या देखत, पुण्याच्या देखत म्हणाले, "सर, तुम्हाला डावं-उजवं कळत नाही. कृपा करून यात पडू नका."

सर माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ते स्क्रीनकडे वळले आणि पहिल्यांदाच पुण्याशी हळू आवाजात बोलले. "खरं आहे, मॅडम. नाही कळत. म्हणूनच विचारतो आहे."

मग टेबलापाशी गेले, छपाईवाल्यांना उठवून बसवलं आणि त्यांच्या एका डोळ्यावर स्वतःचा तळवा ठेवला. दुसऱ्या हाताची बोटं समोर धरली. "कितनी?"

"तीन, साब."

तळवा दुसऱ्या डोळ्यावर ठेवला. "अब?"

"अब तो कुछ नहीं, साब. अँधेरा."

झाकलेला डोळा उजवा होता. माझ्या हातातल्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, दिसणारा डोळा डावा. त्या एका दिवसाने डोळा गेला नसता, पण पुढचे सहा आठवडे रोज मास्क बांधला गेला असता आणि कोणी विचारलं नसतं. पुण्यात मॅडमनी चष्मा काढला. "थांबा," त्या म्हणाल्या. "सगळं थांबवा. नकाशा नव्याने करू."

दोन दिवस आम्ही तो नकाशा नव्याने केला, मी इथून आणि मॅडम तिथून. गाठ डोळ्याच्या नसेला चिकटलेली, आणि आता तीच नस वाचवायची. मुंगी माझ्या स्क्रीनवर त्या नसेच्या कडेकडेने चालायची, थांबायची, मागे यायची. मॅडम म्हणायच्या, "इथे अजून थोडं कमी करून बघ." मी करायची, आणि गाठीला पुरेशी किरणं पोचेनात. मग दुसरीकडून, तिसरीकडून. असं करता करता दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकदाचं जमलं. सर त्या दोन दिवसांत आले नाहीत.

माझ्या डोक्यात एकच घोळ चालला होता. मीटिंगमध्ये सर नक्की "नदीकडचा" म्हणाले होते. टेबलावर बोट स्टेशनकडे होतं. म्हणजे सरांनीच चुकीचं सांगितलं, असं सगळे म्हणत होते आणि मीही म्हणत होते. शनिवारी दुपारी मी काही कागद आणायला वरच्या खोलीत गेले. उन्हं खिडकीतून आत आली होती. त्या गुबगुबीत खुर्चीत मी सहज बसले, आणि ऊन माझ्या उजव्या गालावर आलं. दुपारचं ऊन, म्हणजे पश्चिमेचं, म्हणजे नदीकडचं. उजव्या गालावर. कॅमेरा दक्षिणेच्या भिंतीत होता, म्हणून खुर्ची उलट्या तोंडाची होती. छपाईवाले त्या दिवशी इथे बसले होते. सर खिडकीतून बाहेर बघून आले होते. त्यांनी नदी शोधली होती, आणि नदीकडचा म्हणजे नदीकडचाच डोळा सांगितला होता. डावा मी लिहिला होता, टेबलाखालून, न बघता.

सरांचं पत्र ट्रस्टींकडे सोमवारी गेलं. त्यात लिहिलं होतं, की बाजू सांगताना माझ्याकडून गफलत झाली, मला डावं-उजवं कळत नाही हे मी आधीच सांगायला हवं होतं, आणि असा माणूस या जागेवर नसावा. शनिवार, रविवार आणि सोमवारची सकाळ, एवढा वेळ माझ्याकडे होता. मी गेले नाही. नोकरी कायम व्हायची होती, पुण्याच्या मॅडम माझं कौतुक करत होत्या, आणि मला वाटलं की सरांना ठाऊकच असेल, ते माझ्यासाठी अंगावर घेत असतील. हे वाटणं मला फार सोयीचं होतं. त्यावर मी दोन वर्षं काढली.

दोन वर्षांनी छपाईवाले तपासणीला आले. गाठ नाही, डोळा शाबूत. सोबत एक चादर आणली होती, निळ्यावर पांढरी नक्षी, इतकी बारीक की मला चष्मा लावून बघावी लागली. "बड़े साब को देना है," ते म्हणाले. "मुझे तो घर मालूम नहीं." ती घेऊन मी दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीगंजला सरांच्या घरी गेले. वाटेत काय काय बोलायचं ते मनात पाठ केलं.

सर वाळले होते. काकूंनी चहा आणि बिस्किटं आणून ठेवली आणि त्या आत पोळ्या करायला गेल्या. चादर सरांनी मांडीवर घेतली, नक्षीवरून हात फिरवला. मी म्हटलं, "सर, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"थांब, आधी माझं ऐक," ते म्हणाले. "बरी आलीस. त्या दिवशी मी बाजू चुकीची सांगितली आणि तुझी सगळ्यांसमोर पंचाईत केली. तू बोललीस ते ठीकच बोललीस. कोणीतरी पहिलेच बोलायला पाहिजे होतं. मला तर वाटायचं, विचारून विचारून आपलं चालतं. पण नाही चालत, बेटा." त्यांनी चादरीची घडी नीट केली. "आता मी रात्र रात्र जुने पेशंट आठवत बसतो. चाळीस वर्षांचे. कोणाचं काय होतं, कोणीकडे होतं. अजून कोणाकोणाला मी गलत बाजू सांगितली असेल, काही समजत नाही."

पाठ केलेलं सगळं मी विसरले. मी बशीतली दोन बिस्किटं उचलून टीपॉयवर ठेवली. ही तुमच्या खोलीतली खुर्ची, म्हणाले, ही वरची. हिचं तोंड इकडे, हिचं तिकडे. कप म्हणजे नदी. सरांनी चष्मा लावला आणि वाकून बघू लागले. मी सगळं सांगितलं, उन्हासकट.

"म्हणजे मी नदीकडचा म्हणालो, तेव्हा तो नदीकडचाच होता?"

"हो."

"आणि डावा तू लिहिलास."

"हो सर. न बघता."

"तुला केव्हा समजलं हे?"

याच प्रश्नाला मी दोन वर्षं भीत होते. "शनिवारी," मी म्हणाले. "तुमचं पत्र जायच्या आधी."

मी वाट बघत होते, आता बोलतील, आता घालवून देतील. मला ते हवंच होतं. पण त्यांनी आत हाक मारली. "अगं, इकडे ये. हातातलं ठेव आणि ये." काकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. सरांनी त्यांना आपल्या शेजारी बसवलं आणि मला म्हणाले, "हिला सांग."

"सर..."

"पहिल्यापासून सांग. मी सांगितलं तर हिला वाटेल, मी आपलं मनाचं समाधान करतो आहे."

मी परत सांगितलं. खुर्ची, खिडकी, टेबलाखालची मी, शनिवार, सोमवार. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पिठाचा हात सरांच्या हातावर ठेवला आणि त्यांनाच विचारलं, "आता तरी झोपाल ना?"